चेंजरवरचा टॅग

आधीच सांगून ठेवतो, भूत, आत्मा, बाहेरची बाधा असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथे या ग्रुपवर लोकं लिहितात ते मी वाचतो आणि हसतो. बायको म्हणते, "मंग वाचता कायले?" आता मीच लिहून राहिलो, तर ज्याला हसायचं त्यानं हसावं. फक्त याला भयकथा समजू नका. भीती मला त्या दिवशीही वाटली नाही. वाटली ती किळस... आणि आजही तीच वाटते.

आम्ही भिलाईचे, वैशाली नगरचे. मूळ गाव भंडाऱ्याकडे, धानाची शेती. पण बाबा विशीतच स्टील प्लांटमध्ये लागले, त्यांच्या नोकरीभर आम्ही सेक्टरमधल्या प्लांटच्या क्वार्टरात राहिलो आणि इथलेच होऊन गेलो. माझी मराठी हिंदीत कालवलेली आहे, चालवून घ्या. बाबा इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. मी रसमड्याच्या एका कारखान्यात आहे, मेंटेनन्सलाच. म्हणजे बापाचं पाहून पाहूनच पाना हातात धरला.

बाबांनी रिटायर झाल्यावर एकच शौक केला — गाण्याच्या दोनशे सीड्यांचा चेंजर. गल्लीतल्या काकांचा मुलगा मस्कतला होता, त्याच्याकरवी आणवला. काळं धूड, तेलाचा डबा आडवा केला तेवढं. आत गोल चक्रावर दोनशे खाने, सीड्या अशा उभ्या लावलेल्या जसे डब्यात पापड. नंबर दिला की चक्र फिरायचं, घर्रर्र... टक! आणि गाणं सुरू. बाबांनी त्याचं लॉगबुक ठेवलं होतं, शिफ्टला ठेवायचे तसं. खाना नंबर, काय आहे, शेरा. मी खूप चिडवायचो. "बाबा, फोनमध्ये समदं भेटते आता. हे धूड कबाड्याले देऊन टाका." ते म्हणायचे, "तुया फोनमध्ये जे नाही ते हाय याच्यात." मी कधी विचारलं नाही काय आहे म्हणून.

मग बाबांना लकवा मारला. उजवी बाजू पूर्ण गेली. बोलणं जड झालं, पण समजायचं. डोकं मात्र एकदम साफ. समोरच्या खोलीत पलंग टाकला, चेंजर पायथ्याशी भिंतीला, पलंगापासून चार हात लांब. पडून पडून पाठीला जखम झाली. ती चिघळली.

आता तो वास. कसा सांगू? चिघळलेल्या जखमेचा, लघवीचा, फिनाईलचा, वर पावडरचा. सगळं एकात एक. गोडसर. गोडसर होता म्हणूनच जास्त घाण होता. मी लहानपणापासून नाकाचा नाजूक, शेजारी सुकट भाजली तरी जेवण सोडून उठायचो. त्या खोलीच्या दारात पाय ठेवला की पोटातून उबळ यायची. रुमाल नाकाला धरून मी दारातूनच विचारायचो, "काय बाबा, बरं हाय नं?" आणि पळायचो. सगळं सुनंदानं केलं, माझ्या बायकोनं. चादरी, बेडपॅन, ड्रेसिंग. पोटचा पोरगा मी, आणि करून राहिली ती.

रिमोट होता तोवर बाबा डाव्या हातानं चेंजर लावून घ्यायचे. दुपारी चारला, रोज. मी तेव्हा ड्यूटीवर असायचो नाहीतर मागच्या खोलीत पंखा फुल्ल करून झोपलेला. सुनंदा मागच्या अंगणात धुण्याला. एक दिवस रिमोट त्यांच्या हातून सुटला आणि खालच्या घाणीच्या बादलीत पडला. सुनंदानं काढला, पुसला, पण तो मेला होता. आता नंबर लावायचा तर चेंजरजवळ जाऊन हातानं चकती फिरवायची. म्हणजे खोलीत जायचं, बाबांच्या अंगावरून.

दुसऱ्या दिवशी चारला हाक आली. "संजू... एकशे सदतीस लाव नं."

"उद्या लावतो बाबा."

रोज हाक, रोज उद्या. सुनंदाला म्हटलं, तू लावून दे. सासऱ्याला ती मामाजी म्हणते. फटकन म्हणाली, "मी मामाजींचं समदं करतो. पण ते मले नाही म्हणून राहिले, तुमाले म्हणून राहिले. दोन मिनिटं नाही जाऊ शकत बापाजवळ?" मला राग आला. तिचा आला, बाबांचा आला, त्या काळ्या डब्याचा तर जास्तच आला.

आणि मग मी ते केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनवर काम सुरू असलं की स्विचला टॅग लटकवतात. लाल रंगाचा, "मशीन न चलाएँ, आदमी काम कर रहे हैं". खाली नाव, टिकट नंबर म्हणजे कामगाराचा हजेरी नंबर, काम, सही. टॅग लटकला म्हणजे आत माणूस आहे. मग साहेब येवो की साहेबाचा बाप, मशीनला हात लागत नाही. आणि ज्यानं लावला त्यानंच काढायचा, दुसऱ्यानं नाही. बाबांनी मला अ-आ-इ-ई च्या आधी हे शिकवलं असेल. देवाला हात जोडायला विसरलो तर चालायचं, टॅगबद्दल थट्टा केलेली चालायची नाही.

तर मी कारखान्यातून एक टॅग आणला. प्लास्टिकचा. त्यावर माझं नाव लिहिलं, "मोटर जॅम" लिहिलं, सही ठोकली. श्वास रोखून खोलीत गेलो, चेंजरचा प्लग काढला, टॅग त्याच्या चकतीला अडकवला आणि दारात येऊन श्वास सोडला. मोटरला काही झालेलं नव्हतं.

बाबांनी मान वळवून पाहिलं.

"कोनं लावला?"

"मी. मोटर खोलाची हाय."

"आत तूच हायेस?"

"हो, मीच."

"मंग राहू दे," ते म्हणाले. "घाई करू नको."

त्यानंतर बाबांनी एकदाही एकशे सदतीस म्हटलं नाही. सुनंदा चेंजर पुसायला गेली तर तिला थांबवायचे, "टेबल पूस बाई, त्याले हात नको लावू. संजू आत काम करून राहिला." भेटायला लोकं यायची त्यांनाही हेच सांगायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. भ्रम-बिरम काही नव्हता. माझं खोटं ते डोक्यावर घेऊन पाळत होते. आणि मी मागच्या खोलीत पंख्याखाली झोपून राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात बाबा गेले. दुपारी चारच्या आसपासच.

तेरवी झाली. गादी टाकून दिली, पलंग दिला, खोलीला चुना मारला, फरशी तीनदा घासली. वास गेला, सगळे म्हणाले गेला. मला मात्र यायचा. खोलीभर नाही... फक्त चेंजरजवळ. तोच, गोडसर. सुनंदाला जवळ उभी करून विचारलं, "येऊन राहिला का?" तिनं हुंगलं. "नाही बा. नव्या चुन्याचा येते."

"अवं उंदीर मेला असन आत!"

"मंग खोलून पाहा. तुमचाच टॅग हाय."

मी नाही खोललं. कावून, विचारू नका. तोंडात थुंकी जमा व्हायची आणि मी बाहेर निघायचो. असे दोन-अडीच महिने गेले. शेवटी एका रविवारी ठरवलं, बस झालं, देऊन टाकतो कबाड्याला. कोहक्याकडून एक जण हातगाडी घेऊन गल्लीत येतो, त्याला दुपारी यायला सांगितलं. सुनंदानं कपाटातून लॉगबुक आणून माझ्यापुढे टाकलं. "देता तर द्या. पण आधी हे पाहून घ्या. मामाजी रोज काय मांगत होते, ते तरी."

नुसतं पान उलटवायचं होतं. उलटवलं.

"१३७ — संजू. सेक्टरच्या गणपतीतलं भाषण. वय आठ. कॅसेटवरून." आणि शेऱ्याच्या रकान्यात, लकव्याच्या आधीच्या त्यांच्या ताठ अक्षरात, एकच शब्द : "रोज."

माझा बाप सहा महिने सडत पडला होता, आणि रिमोट होता तोवर चारच्या ठोक्याला माझा आवाज ऐकत होता. कारण जिवंत मी तर रुमाल लावून दारातून पळत होतो. शी! मला त्या क्षणी माझी जी किळस आली, तेवढी त्या जखमेची कधी आली नव्हती.

मी उठलो. घड्याळात चार वाजायचे होते, ऊन सरळ खोलीत आलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं. प्लग लावायचा, चकती फिरवायची, ऐकायचं. तेवढंच. वास इतका की डोळ्यांत पाणी. माझा टॅग काढला.

खाली दुसरा टॅग होता.

जुना, पुठ्ठ्याचा, सुतळीनं बांधलेला. असे पुठ्ठ्याचे टॅग बाबांच्या नोकरीतल्या सुरुवातीच्या दिवसांत असायचे, मी लहानपणी पाहिलेले. त्यावर बाबांचं नाव. बाबांचा टिकट नंबर, सातच्या पोटात आडवी रेघ मारायची त्यांची सवय, तशीच. सही त्यांची. तेच ताठ अक्षर. ज्या उजव्या हातानं ते अक्षर यायचं, तो हात सहा महिने मांडीवर मेलेला पडला होता. आणि पलंगावरून चार हात चालत जाणं तर सोडाच, त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची.

कामाच्या रकान्यात लिहिलं होतं : "मुलगा आत आहे."

आमच्या मेंटेनन्सच्या कामात रीत आहे. एक माणूस मशीनच्या आत असला की बाहेरचा जोडीदार आपलाही टॅग लावतो. पहिल्याचा चुकून निघाला तरी मशीन सुरू होऊ नये म्हणून. आतला माणूस बाहेर येऊन समोर उभा राहिला, की मगच जोडीदार आपला टॅग काढतो.

मी सुनंदाला ओरडून बोलावलं. "हा तू लावला?" ती वाकून पुठ्ठा पाहू लागली. "मी? मले हे कुठं भेटन? मी रोज टेबल पुसतो. एकच होता, तुमचा लाल." तिनं लॉगबुक उघडून त्या पुठ्ठ्याशेजारी धरलं, अक्षर जुळवलं, आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. बाहेर कबाडीवाला हाका मारत होता. त्याला जा म्हटलं.

लोकं म्हणतात, सुतळी तोड आणि ऐक, घरचीच मशीन आहे. एक मित्र म्हणाला, दार उघडून सीडी काढ, दुसऱ्यावर लाव. मेंटेनन्सचा माणूस असून म्हणाला! टॅग लागलेल्या मशीनचं दारही उघडत नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. आणि तो तर नाही. त्यामुळे आठ वर्षांचा मी गणपतीपुढे काय बोललो होतो, ते मला माहीत नाही, आता कधी माहीत होणारही नाही.

पुठ्ठा कुठून आला, कोणी लिहिला, कधी बांधला... मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. बाबांनी आधीच कधी लिहून ठेवला असेल म्हणावं, तर तेव्हा मी कुठल्या मशीनच्या आत होतो? तुमच्यापैकी कोणाजवळ उत्तर असेल तर लिहा, पण सुतळी तोड म्हणून लिहू नका.

सुट्टीच्या दिवशी चारला मी त्या खोलीत खुर्ची टाकून बसतो, बाबांचा पलंग होता तिथे. वास येतो. एकदा उठून मोरीत ओकून आलो आणि पुन्हा येऊन बसलो. रुमाल खिशातच असू देतो. परवा सुनंदा चहा घेऊन आली, कप हातात दिला, आणि टॅगकडे पाहत म्हणाली, "मामाजी, आले हो हे बाहेर. काढा आता."

आम्ही दोघंही थांबलो. सुतळीची गाठ तशीच होती.