शेंगा फोडत रडा

वहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी शेंगाच फोडत होते... त्यांच्याच, देवगाव रंगारीहून त्यांच्या भावानं पाठवलेल्या. महिना उलटून गेला, उरलेल्या संपवायला मन धजत नाही.

पुंडलिकनगरात त्यांची-आमची भिंतीला भिंत. वहिनींना पोटाचा कर्करोग निघाला आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. नारळपाणी आणायचं, खाटेशेजारी बसून सुस्कारे सोडायचे, ओळखीतलं कोण याच आजारानं कसं गेलं ते रंगवून सांगायचं. अशी मंडळी उठून गेली की वहिनींची कळ वाढायची. शेवटी त्यांनी खाटेजवळ शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं आणि फर्मान काढलं, "रडायचं आसंल तर शेंगा फोडत रडा." हात गुंतले की माणसं पेरणीचं, सुनांचं बोलू लागत आणि वहिनी पडल्या पडल्या हसत. आजारपणात असा दरबार भरवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

सुपाजवळ येत नसे तो एकच माणूस, त्यांचे यजमान. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. फुलंब्रीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गोळी वेळेवर द्यायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. दुखतंय का, हे कधी विचारलं नाही. उत्तराचीच भीती वाटत असावी. वहिनीही त्यांच्यासमोर ओठ दाबून पडायच्या आणि संध्याकाळी गोळी घेऊनही तळमळायच्या. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली, तरी तेच. मग त्यांनी विचारलं, "मनात काही आहे का?" मी सोबतच होते. वहिनी म्हणाल्या, "गोळी दुखण्याला पुरते, बाई. एकटं पडल्याला नाय पुरत."

त्याच संध्याकाळी त्यांनी ओट्याकडे हाक मारली. "अहो, इथं बसा. सूप घ्या जरा." भाऊ आले, बसले. चार शेंगा फोडल्यावर खाली मान घालूनच म्हणाले, "लई दुखतंय का?"

"व्हय. लई दुखतंय."

भाऊंचे हात चालूच होते, डोळेही वाहत होते. मग दोघं बोलत राहिली... मी उठून आले. आजार काही हटला नाही, पण त्यानंतर संध्याकाळची ती तळमळ पुष्कळ कमी झाली, हे मी स्वतः पाहिलंय. इतकं दुखत असताना नवऱ्याला बोलतं करणाऱ्या त्या बाईचं मला फार कौतुक वाटतं.

परवा भाऊंकडे गेले. खाट काढलेली, सूप तिथंच, भाऊ ओट्यावर. मी सुपापाशी बसून शेंगा फोडू लागले. थोड्या वेळानं विचारलं, "भाऊ, लई दुखतंय का?"

"व्हय," ते म्हणाले, आणि सुपापाशी येऊन बसले.