तव्यावरची पहिली भाकर

माझ्या सासूबाई, गिरजाबाई, कामरगावात भाजी पिकवतात. दुपारी मेथीच्या जुड्या बांधताना मी मोबाइलवर हिंदीत बोलणारी कोरियन मालिका लावायचे. त्या कुरकुरायच्या. आठवड्यातच त्या स्वतः विचारू लागल्या, "त्या सुनेचं काय झालं वं?"

एका भागात सासूनं सुनेला आधी वाढलं. सासूबाई हातातली जुडी बांधायची विसरल्या. आमच्यात सून सगळ्यांच्या मागून जेवते. चाळीस वर्षं त्याही तशाच जेवल्या.

संध्याकाळी त्यांनी मला चुलीपासून उठवलं आणि तव्यावरची पहिली भाकर माझ्या ताटात टाकली. अकरा वर्षांत या घरी मी गरम भाकर खाल्ली नव्हती. डोळे भरून आले.

"रडून काहून राह्यली? ते कोरियावाली रडली काय?"

दुसरी भाकर मी थापली, त्यांच्यासाठी.