पश्चिमेच्या भिंतीचा श्वास

नाना लाकूड आधी हुंगत. फळीला नाक लावून, डोळे मिटून क्षणभर थांबत. मगच करवत हाती येई. "ह्याच्यात अजून रान हाय," असे म्हणाले, की ती फळी पुन्हा उन्हात जाई. दिघीच्या खाडीकाठी त्यांनी उभे आयुष्य होड्या बांधण्यात घालवले होते. फायबरच्या होड्या आल्या आणि काम सरले. हुंगण्याची सवय तेवढी राहिली.

आमच्या घराची पश्चिमेची भिंत खाडीला तोंड देऊन उभी. पावसाळाभर ती पाणी पीत राही आणि आतल्या खोलीत आईचा दमा जागा होई. भाऊ तिला पनवेलला, आपल्या घरी न्यायला निघाला. आईला खिडकीतून येणारा भरतीचा आवाज सोडवेना. शेवटी भाऊ म्हणाला, "एवढा पावसाळा बघू. भिंत कोरडी राहिली, तर राहा."

शेजारच्या नानांच्या कानी ते गेले. "वयनी, भितीला लाकडाचा अंगरखा घालतो. मग कोन नेतो तुमाला ते बघू."

त्यांनी फळ्या भिंतीला बाहेरून घट्ट चिकटवून तांब्याच्या खिळ्यांनी ठोकल्या. प्रत्येक सांध्यात, होडीला भरतात तसा, माशाच्या तेलात भिजवलेला कापूस ठासला. घरभर उग्र, खारट दर्प पसरला. आई नाकाला पदर लावून हसली, "नाना, मला सुकटीच्या टोपलीत ठेवलंत की हो!"

आषाढ संपता संपता फळ्या फुगल्या. भिंतीला पोट आले. आतली ओल तशीच. नाना अंगणात मान खाली घालून उभे राहिले.

"नाना," खिडकीतून आई थांबत थांबत म्हणाली, "ओल भिंतीच्या पोटात आहे. तिला बाहेर पडायला वाट कुठे ठेवलीत? माझ्या छातीसारखी कोंडलीय ती."

नानांनी कपाळावर हात मारला. "व्हय की! भित काय दर्यात जानार हाय? घराची होडी करून बसलो, वयनी!"

श्रावणातल्या उघडिपीत त्यांनी सगळे उतरवले. भिंत उन्हाला दिली. मग आधी उभ्या पट्ट्या आणि त्यांवर तेल प्यालेल्या त्याच फळ्या सुकवून आडव्या ठोकल्या, कौलांसारख्या एकीवर एक उतरलेल्या. वर-खाली फट राखली. "आता मागनं वारा चालंल."

रोज संध्याकाळी ते आत येऊन भिंतीवर तळहात टेकवत आणि परत जात. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी मात्र म्हणाले, "वयनी, तुमी लावा हात." आईने लावला, आणि तो बराच वेळ काढलाच नाही. गणपतीला आलेल्या भावानेही भिंत चाचपून पाहिली. तो एकटाच परत गेला.

त्यानंतरचे सारे पावसाळे आईने त्याच खोलीत काढले. गेली तीही तिथेच, भरतीचा आवाज ऐकत. एवढे मोठे दान कुणी आम्हांला दिले नव्हते.

आता नानाही नाहीत. फळ्या रुपेरी झाल्या आहेत. चैत्राचे ऊन तापले, की मी डोळे मिटून त्यांना नाक लावते. लाकडातले रान केव्हाच सुकले. सुकटीची टोपली अजून घमघमते आहे.