गोनीचाचा अन् दोन गावचे कागद

गोनीचाचांना सिमेंटची रिकामी गोनी दिसली की ते हातातलं काम टाकून उठायचे. झटकायची, माती भरायची, तोंड सुतळीनं शिवायचं अन् मातीच्या ढिगाच्या पायथ्याला नेऊन लावायची. बिगारी हसायचे, "चाचा, ह्या गोनीचं लगीन कदी?" चाचा म्हनायचे, "तुझ्या आदी उरकतो बे."

आमी सिरसाळ्याकडचे. नवरा बिगारी, मी बी बिगारी, पोरगी सात महिन्यांची. टेकडी कापून बिल्डिंग चाललती अन् आमची पत्र्याची खोली त्या कापलेल्या मातीच्या बरुबर खाली. चाचा जुने गवंडी, गुडघे गेले म्हनून राखनीला ठिवलेले.

त्यांच्या खिशात पिशवीत गुंडाळून दोन कागद असायचे. ठेकेदार एकच, पर नदीच्या पल्याडच्या गावाची नगरपालिका येगळी अन् अल्याडची येगळी, तर दोनीकडच्या बांधकामाच्या परवानगीचे ते कागद. चाचांना उर्दू वाचता यायची, मराठी न्हाई. मी सातवी पास, म्हनून आभाळ आलं की म्हनायचे, "बेटा, वाच."

मी अडकत अडकत पल्याडचा वाचायची. खोदलेल्या मातीच्या पायथ्याशी गोण्यांचा बांध घालावा. ढिगावर ताडपत्री टाकावी. उताराखाली कोणास राहू देऊ नये. मग अल्याडचा. माती रस्त्यावर टाकू नये.

"फुडं?"

"फुडं काई न्हाई चाचा, सही हाय."

"म्हंजी रस्ता खराब व्हाया नगं, बस." अन् पल्याडच्या कागदापरमानं अल्याड बांध घालत बसायचे. मुकादम वरडायचा, "इथं कोन मागतंय बे तुला बांध?" चाचा म्हनायचे, "माती तीच हाय साहेब, मी दोनीकडं खंदलीय."

रोज सकाळी बांधावर हात फिरवत यायचे अन् माझ्या दारात पोरीला म्हनायचे, "झोप बेटी, तुझी भित्त पक्की हाय."

आता जे सांगते ते मी पोलिसाला सांगितलं न्हाई, नवऱ्याला बी न्हाई. भादव्यात झड लागली, भुई वल्ली झाली, पोरगी खोकायली, तिची छाती वाजायली, मला काई सुचंना, मी बांधाच्या खालच्या वळीतल्या दोन गोन्या वढल्या, माती सांडली अन् पोरीखाली हातरल्या. दोनच तर हायत म्हनलं. कागद मीच वाचलेला, तरी म्हनलं.

दुपारी चाचा आले. बांधातलं भोक बघितलं, मग दारातून पोरीखाली बघितलं. मला वाटलं आता बोलतील.

"कोरडी हाय ना पोरगी?"

मी मान हालवली.

"मग राहू दे. तिला घेऊन रस्त्याकडच्या शेडात बस जरा, मी दोन भरून लावतो."

मी गेले. पोरीला पाजायलते अन् आवाज आला, लई मोठा न्हवता, ट्रॉली खाली केल्यावानी. त्या भोकापासनंच माती खचलती. चाचांना काढलं तवा त्यांच्या मुठीत सुतळी व्हती.

मुकादम सगळ्यांम्होरं म्हनला, "त्याला कोन म्हनलंतं तिथं जा? आपल्याकडं तसा नियमच न्हाई." गोन्या कोनी काढल्या, कोनी इचारलंच न्हाई. मी पोरीला छातीशी धरून हुबी व्हते.

आता आमी पल्याडच्या कामावर हाव. इथं बांध हाय, ताडपत्री हाय, खोली उतारापासनं लांब हाय, तरी पानी आलं की मी बसून असते. त्या दोन गोन्या मी माती भरून, सुतळीनं शिवून आमच्या दाराला लावल्यात. नवरा म्हनतो, कावून, इथं काय गरज हाय? मी म्हनते, असू द्या. पोरगी आता चालती, खेळता खेळता त्या गोन्यांवर बसाया जाती, अन् मी तिला पटकन उचलून घेते.