लव्हॉनचा एकच प्रश्न

लव्हॉन उबेनने शब्द दिला की तो दिला, हे आमच्या वेस्टरमूरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली माणसं आयोवा राज्यात उतरली की आधी तिच्या घरी यायची. बैठकीच्या खोलीत घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या, नवरा मर्ल कॉफी ओतायचा, लव्हॉन दालचिनीचा केक कापायची, आणि उमेदवार मांडीवर बशी सांभाळत देशाचं भलं कसं करणार ते सांगायचा. माणूस पटला की लव्हॉन दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरे. "मी बघितलंय त्याला. माणूस चांगला आहे," एवढंच म्हणे. लोक तेवढ्यावर पाठिंब्याच्या कागदावर सही करत.

तिची एक हौस होती. पक्षाच्या मोठ्या अधिवेशनाला, जिथे उमेदवार ठरतो आणि फुगे सोडतात तिथे, प्रतिनिधी म्हणून एकदा जायचं. दर चार वर्षांनी ती थोडक्यात हुकायची. कधी आई आजारी, कधी डुकरांना रोग. साठी उलटली होती. या वेळी नाही तर कधीच नाही, असं ती स्वतःच म्हणायची.

त्या वर्षी सगळ्यांत पुढे होते सिनेटर डेन. उंच, देखणे, आवाज असा की नुसतं हवामान सांगितलं असतं तरी बायकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. भिंतीवरचा लव्हॉन आणि मर्लच्या लग्नाचा फोटो बघून ते म्हणाले, "हा खरा अमेरिकन संसार!" लव्हॉन विरघळली. महिनाभर चिखल तुडवत तिने अर्ध्या तालुक्याच्या सह्या आणल्या. आणि मग एका सकाळी पेपरात फोटो आला. सिनेटरसाहेब एका बोटीवर, शेजारी एक बाई, आणि ती बाई काही त्यांची बायको नव्हती. संध्याकाळपर्यंत साहेब शर्यतीतून बाद.

लव्हॉन तोंडघशी पडली. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलतच नाहीत. फक्त किराणा दुकानात आयडा क्रूस म्हणाली, "तू बघितलं होतंस ना गं त्याला?" आणि बटाटे निवडायला लागली. शिवी परवडली असती.

त्या रात्री जेवताना लव्हॉन म्हणाली, "आता जो येईल त्याला मी सगळ्यांदेखत विचारणार. बायकोशी इमानदार आहेस का, हो की नाही."

मर्लने मान वर केली नाही. "मका ओलाच आहे अजून," तो म्हणाला.

पुढचे आले गव्हर्नर टॉलंड. सिनेटर पडल्यावर त्यांचा भाव वधारला होता. लव्हॉनने केक पुढे केला आणि बशी हातात घट्ट धरून ठेवली. "साहेब, केक नंतर. आधी एक सांगा. तुम्ही तुमच्या बायकोशी इमानदार आहात का?"

सगळे गव्हर्नरांकडे बघत होते. मर्ल म्हणाला, "कॉफी बघून येतो," आणि स्वयंपाकघरात गेला. ते फक्त लव्हॉनने बघितलं.

"बाईसाहेब," गव्हर्नर छातीवर हात ठेवून म्हणाले, "एकतीस वर्षं! दुसऱ्या बाईकडे डोळा वर करून बघितलं नाही." त्यांना केक मिळाला. आणि पानं गळायच्या आत बाहेर आलं की एक नाही, दोन होत्या. त्यातली एक त्यांचं आयोवाचं ऑफिस चालवायची आणि त्या दिवशी लव्हॉनच्याच सोफ्यावर बसून केकचे दोन तुकडे खाऊन गेली होती. घ्या! गव्हर्नर मात्र बेरड निघाले, शर्यत सोडेनात. लोकांनीच त्यांना सोडलं.

पण लव्हॉनचं नाव झालं. टीव्हीवाले आले. वेस्टरमूरच्या त्या बाईचा प्रश्न देशभर गाजला, आणि मग जो तमाशा सुरू झाला त्याला तोड नाही. कर, शेती, अणुबॉम्ब सगळं राहिलं बाजूला. उमेदवार साक्षीदार घेऊन हिंडायला लागले. कुणी पाद्री आणला, कुणी शाळेतला मित्र. मेयर कॉस्ग्रोव्ह नावाचे एक होते, त्यांनी विचारायच्या आधीच सगळं कबूल करून टाकलं. बायको शेजारी बसून त्यांचा हात धरून रडली. आम्हीही डोळे पुसले. पुढच्या गावी, ओस्टफील्डला, ती त्याच वाक्याला रडली. त्याच्या पुढच्या गावीही. तरी मेयरांचा भाव वर गेला, कारण कबुली तर दिली ना बिचाऱ्याने!

शेवटी आले काँग्रेसमन ॲल्विन प्रुइट. बुटके, टक्कल पडलेले, धरणांविषयी बोलणारे. त्यांनी चक्क सासू आणली होती. लव्हॉनने प्रश्न विचारला. मर्ल स्वयंपाकघरात गेला. प्रुइट "हो" म्हणाले आणि सासूकडे बघायला लागले.

"हा?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, याला घरचं एक माणूस झेपत नाही. जेवून साडेआठला घोरतो. कोण विचारतंय याला!"

हशा पिकला, पण लव्हॉन हसली नाही. तिने सगळ्यांत मोठा तुकडा कापला. "हा माझा माणूस," ती म्हणाली. गावात लोक कुरकुरले की संधीच न मिळालेल्याची इमानदारी ती काय इमानदारी. पण लव्हॉन पुन्हा घरोघर फिरली, या खेपेला बर्फातून.

आता, एक गोष्ट होती जी सगळ्या गावाला ठाऊक होती आणि कुणीच बोलत नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी लव्हॉन आईच्या आजारपणात ओस्टफील्डला जाऊन राहिली होती, उन्हाळाभर. परत आली तेव्हा मर्लला बिछाना नीट घालता येत होता. तोवर लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण चादरीचं टोक कुठे दुमडायचं हे त्याला कधी कळलं नव्हतं. आणि तिची जिवाभावाची मैत्रीण डार्लिस माइंडर्स, धान्याच्या कोठारावर हिशेब ठेवायची ती, चर्चमध्ये एकदम पलीकडच्या बाकावर बसायला लागली. लव्हॉनला काय समजायचं ते समजलं. तिने विचारलं नाही. मर्लने सांगितलं नाही. डार्लिसशी ती त्या दिवसापासून एक शब्द बोलली नाही, आणि गावाने मिठाची गुळणी धरली. बोललं नाही की झालं नाही, अशी आमची रीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून चर्चच्या तळघरातल्या जेवणात टीव्हीवालीने माइक पुढे करून "आणि तुमच्या स्वतःच्या घरी काय, मिसेस उबेन?" असं विचारलं, तेव्हा काय झालं ते बघण्यासारखं होतं. आयडा क्रूसच्या हातून आख्खा ट्रे पडला. म्हाताऱ्या फ्लोराने भलत्याच सुरात प्रार्थना सुरू केली. कुणीतरी दिवेच घालवले. टीव्हीवाली बिचारी अंधारात विचारत राहिली, "इथे नेहमी असं होतं का?" लव्हॉन त्या गडबडीत सुटली, पण घरी आल्यावर कोट न काढता कितीतरी वेळ पलंगावर बसून राहिली. सगळ्या देशाला विचारलं, मनात आलं तिच्या, आणि भिंतीपलीकडे दाढी करतोय त्याला विचारायची छाती नाही माझी.

फेब्रुवारीत निवडीची संध्याकाळ आली. आमच्याकडे पक्षाच्या या निवडीला मतपेटी नसते. शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजारीपाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. ज्याच्या कोपऱ्यात फार थोडी माणसं, तो कोपरा मोडतो आणि ती माणसं मोकळी होतात. मग इतर कोपऱ्यांतले लोक त्यांची मनधरणी करतात, कुणी शेतीचं धोरण सांगून, कुणी घरचं लोणचं देऊ करून. लोणच्याला जास्त यश येतं.

बास्केटबॉलच्या जाळीखाली मेयर कॉस्ग्रोव्हचा कोपरा फुलला होता. दाराशी 'कुणीच नको' म्हणणाऱ्यांचाही बऱ्यापैकी घोळका. उमेदवार पुरुषांची तोंडं बघून तेवढा तर जमणारच. लव्हॉनच्या कोपऱ्यात प्रुइटचे लोक मोजले आणि सभेच्या अध्यक्षाने, म्हाताऱ्या एल्ड्रिकने, मान हलवली. "एक कमी पडतोय, लव्हॉन. एक आण, नाहीतर कोपरा मोडला." अधिवेशनाचे प्रतिनिधी टिकलेल्या कोपऱ्यांतूनच निवडतात, तेव्हा कोपरा मोडला की अधिवेशन गेलं. कायमचं.

समोरच्या टोकाला, गव्हर्नर टॉलंडच्या पाटीखाली, एकच बाई उभी होती, पर्स पोटाशी धरून. सगळं जग सोडून गेलं तरी गव्हर्नरला न सोडणारी डार्लिस माइंडर्स. एकटीचा कोपरा तो, मोडलाच. सगळ्या हॉलात मोकळं माणूस ते एवढंच.

लव्हॉनच्या कोपऱ्यात सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. गावात आलेल्या नव्या पास्टरना मात्र काय ठाऊक! ते टाळी वाजवून म्हणाले, "अहो, मर्लना पाठवा की! मर्लशी बोलतील त्या. स्वभाव किती गोड आहे त्यांचा!"

मर्लच्या हातात कॉफीची किटली होती. त्याने मागे बघितलं. मागे नुसती भिंत होती.

"नको," लव्हॉन म्हणाली. "मी जाते."

ती निघाली. एवढासा हॉल, पण संपता संपेना. डार्लिसच्या समोर जाऊन उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं की डार्लिसचे केस पार पांढरे झालेत. इतकी वर्षं तिने तिकडे नीट बघितलंच नव्हतं.

"डार्लिस," ती म्हणाली, "प्रुइटच्या बाजूला येतेस का?"

"तो धरणवाला?"

"तोच."

डार्लिस हसली नाही, रडलीही नाही. "येते की. पण माझं एक काम कर. साऱ्या जगाला विचारत सुटलीस तो प्रश्न, तो एकदा त्याला विचार. आत्ता."

"डार्लिस, काहीतरीच काय!"

"काहीतरीच काय? वीस वर्षं वाट बघतेय गं मी. वाटलं, येशील, झिंज्या उपटशील, शिव्या देशील, गावभर माझी लाज काढशील. ते सोसलं असतं. पण तू मला भिंत करून टाकलंस. आणि त्या गव्हर्नरला मी का धरून बसले, माहितीये? त्याला तरी लोक नाव ठेवतात, तोंडावर ठेवतात. मला कुणी काही म्हणतच नाही!"

"मी विचारलं नाही," लव्हॉन हळूच म्हणाली, "कारण मर्ल खोटं बोलत नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं."

"मग?"

"मग मी काय करणार होते गं?"

एल्ड्रिक घड्याळाकडे बघत ओरडला, "बायांनो, आटपा!"

लव्हॉन वळली. आख्खा गाव तिच्याकडे बघत होता, आणि या वेळी ट्रे पाडायला कुणाला सुचलं नाही. तिने आवाज चढवला नाही, पण तो भिंतीपर्यंत गेला.

"मर्ल. तू तुझ्या बायकोशी इमानदार होतास का?"

मर्लने किटली जमिनीवर ठेवली. टोपी काढली.

"नाही," तो म्हणाला. "नव्हतो."

त्या सबंध मोसमात त्या प्रश्नाला कुणी दिलेलं पहिलं सरळ उत्तर ते. पास्टर खुर्चीवर बसले. फ्लोरा म्हातारी म्हणाली, "देवा, अखेर!" आणि नाक शिंकरलं. डार्लिसने एक मोठा श्वास सोडला, पर्स सावरली आणि ठरल्याप्रमाणे चालत जाऊन प्रुइटच्या लोकांत उभी राहिली. शब्दाची पक्की निघाली बाई.

एल्ड्रिकने परत मोजलं. "पुन्हा एक कमी!"

कारण लव्हॉन पलीकडेच उभी होती, टॉलंडच्या पाटीखाली.

"लव्हॉन, अगं ये ना इकडे!" आयडा ओरडली. "अधिवेशन! फुगे! आयुष्यभर हेच तर मागत होतीस!" सगळे हाका मारायला लागले, कुणी हात करायला लागले. ती ऐकत होती, पण पाय हलेनात. इतक्या वर्षांचं एकदम अंगावर आलं होतं आणि ते घेऊन चालायची ताकद नव्हती तिच्यात.

मग मर्ल निघाला. "मर्ल, तू नको! दोन कमी होतील!" पास्टर कळवळले. तो थांबला नाही. हॉल ओलांडून तिच्यासमोर येऊन उभा राहिला, टोपी दोन्ही हातांत पिळत.

थोड्या वेळाने प्रुइटचा कोपरा मोडलाच. नियमाप्रमाणे टॉलंडचा कोपराही मोडलेलाच होता, पण पेपरवाल्याला तेवढं कुठलं कळायला. दुसऱ्या दिवशी त्याने छापलं की वेस्टरमूरमध्ये गव्हर्नरांचा पाठिंबा एका रात्रीत दुप्पट झाला.

पण ते सगळं नंतरचं. "तिकडे चल, लव्हॉन," मर्ल म्हणाला. "अजून वेळ आहे. तुला जायचं होतं ना?"

"जायचं होतं," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "आता पहिल्यापासून सांग. सगळं."

"इथे? लोक मोजतायत गं."

"मोजू देत त्यांना," लव्हॉन म्हणाली. "तू बोल."