सासऱ्यांचं न दिसणारं वजन

डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर माझ्या सासऱ्यांइतका संशय घेणारा माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात सापडायचा नाही. ते निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांचा सगळा जीव कृष्णद्रव्यात, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थात. लग्नाच्या पंगतीत जिलेबी हातात धरून ते वाढप्याला थांबवत आणि सांगत, "आकाशगंगेच्या काठावरचे तारे इतक्या जोरात फिरतात, की भिरकावूनच जायला पाहिजेत. जात न्हाईत! दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन त्यांना धरायला पुरत न्हाय. म्हंजे न दिसणारं वजन हाय." धाकट्या मेहुणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी हेच विचारलं, तारे कशामुळं टिकून आहेत? तो म्हणाला, "देवाच्या कृपेनं." सासरे म्हणाले, "पुरावा?" ते स्थळ गेलं.

गेल्या वर्षी भर दुपारी माझ्या बायकोला अचानक कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. मिळाली ती प्रवाशांनी भरलेली जीप पकडून आम्ही मुरुमच्या दवाखान्याकडं निघालो. बायकोनं माझं मनगट इतकं आवळलं होतं, की बोटं बधिर झाली. पुढं बसलेले सासरे मात्र प्रत्येक वळणावर मागं वळून माणसं मोजत होते.

"गाडी थांबवा," ते एकदम म्हणाले. "अकरा माणसांत गाडी अशी झुलत न्हाय. कुठंतरी जादा वजन हाय."

"मास्तर, आभाळातलं आभाळात ठेवा," ड्रायव्हर म्हणाला. प्रवासी ओरडू लागले. मीही ओरडलो, "मामा, तिच्या कळा वाढल्यात!"

त्यांनी सरळ दार उघडलं. ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक दाबला. सासऱ्यांनी बाकांखाली पाहिलं, टपावर पाहिलं. काहीच नव्हतं. बायको ओठ चावत माझ्याकडं बघत होती. शिव्या देत खाली उतरलेला ड्रायव्हर मागच्या चाकापाशी वाकला. पाचांपैकी तीन नट गायब होते. राहिलेले दोन हातानं फिरत होते.

इतर चाकांचा एकेक नट काढून त्यानं ते चाक आवळलं. वेळेत पोचलो. मुलगी झाली.

सासरे दवाखान्याच्या बाकावर बसून होते. "तुमच्यामुळं वाचलो, मामा," मी म्हणालो.

"वजन न्हवतंच, जावई. माझा निष्कर्ष चुकला," ते म्हणाले. "आन चाकबी धड असतं, तर? पोरीला रस्त्यात थांबवलं असतं म्या, नुसत्या अंदाजावर."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, लग्नानंतर पहिल्यांदाच. इतका बारीक खांदा असेल असं वाटलं नव्हतं.