मेथीची जुडी आणि चार पानं

आमच्या पीएचडीचा ऑनलाइन वर्ग दर रविवारी सकाळी असतो. काल माझ्यासोबत पीएचडी करणाऱ्या सुनंदाताईंचा कॅमेरा चुकून चालू राहिला. सर संशोधनपद्धती समजावत होते आणि ताई परातीत मेथी निवडत होत्या.

"ताई, लिखाण कुठवर आलं?" सरांनी विचारलं.

"या महिन्यात चार पानं झाली, सर." आवाजात ओशाळलेपण नव्हतं, हातही थांबला नाही.

मी दर महिन्याला एक प्रकरण कबूल करते आणि दर महिन्याला माफी मागते. वाचायच्या लेखांचा ढीग बघूनच मी दुसरं काहीतरी काम काढते. ताई मेथीच्या ढिगाकडे बघतच नव्हत्या, हातातल्या काडीकडे बघत होत्या. जुडी कधी संपली, कळलंही नाही.

माझ्या पडद्यावर बावीस लेख उघडे होते. एक ठेवून बाकीचे मिटले. तीन आठवडे उघडा असलेला तो लेख मी पहिल्यांदाच वाचायला घेतला.